जुन्या किल्लीसाठी जुने सामान

बिटकॉइनच्या ‘पाकिटा’त नाणी नसतात, असते गुप्त किल्ली, म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. ती हरवली की नाणी असून नसल्यासारखीच. जुन्या पाकिटाच्या फाइलमधून किल्ली काढणारी ‘पायवॉलेट’ ही आज्ञावली पायथन २ मधली. त्या आवृत्तीची देखभाल २०२० मध्ये थांबली. म्हणून ती कंटेनरमध्ये चालवतात. कंटेनर म्हणजे आज्ञावली आणि तिला लागणारे जुने सामान यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. मग हा संगणकातला दुसरा संगणक झाला का? नाही. लिनक्सवर कार्यप्रणालीचा गाभा, कर्नल, सामाईकच राहतो. फाइली, नेटवर्क तेवढे वेगळे दिसतात. थोडक्यात, लाकडी पार्टिशन. तिजोरी समजू नये! तेव्हा मूळ फाइल न देता प्रत द्यावी आणि कंटेनर नेटवर्काविना सुरू करावा. आज्ञावलीत कुणी चोरवाट ठेवली असली, तरी किल्ली नेटवर्कवरून बाहेर पाठवता येत नाही.