साहेब केलं की झालं? माणसं घडवण्याविषयीचे काही गैरसमज

एप्रिल आला की कंपन्या-कंपन्यांत अप्रेझलची पत्रं वाटली जातात. कुणाचा पगार किती वाढला याची टपरीवर कुजबुज होते आणि प्रत्येक खात्यात एखाद्याच्या कार्डावर ‘मॅनेजर’ हा शब्द चढतो. पेढे वाटून झाले की सोमवारी तो त्याच खुर्चीत येऊन बसतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्या आठ-दहा जणांच्या कामाचा जाब आता त्याने द्यायचा असतो. तो कसा द्यायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि त्याचं जुनं कामही बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात राहतं.

नेतृत्वावर पुस्तकं, व्याख्यानं आणि व्हॉट्सॲपचे सुविचार यांचा तुटवडा नाही. त्यातलं बरंच ऐकायला गोड आणि तपासायला गेलं की पोकळ निघतं. सुदैवाने काही अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष कंपन्यांत जाऊन बसले, मोजमाप केलं. त्यातला एक मोठा प्रयोग तर आपल्या तारापूरच्या मागांवर झाला. त्यांना जे दिसलं, त्यापुढे आपले काही ठाम समज टिकतात का ते पाहू.

“कामात जो पुढे, त्यालाच साहेब करा”

हा समज इतका सरळ आहे की त्यावर शंका घेणंच विचित्र वाटावं. सर्वांत जास्त विकणाऱ्याला विक्रीप्रमुख करायचं नाही, तर काय सर्वांत मागे पडलेल्याला करायचं?

लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये ‘द पीटर प्रिन्सिपल’ या पुस्तकात या पद्धतीची टर उडवली होती. माणूस बढत्या घेत घेत शेवटी न झेपणाऱ्या पदावर येऊन अडकतो, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक विनोदी अंगाचं होतं, लोक हसले आणि आपापल्या कंपनीत तेच करत राहिले. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांचे आकडे तपासले. जास्त विकणाऱ्यालाच बढती मिळत होती, हे खरं निघालं. पण बढतीआधी ज्याची विक्री दुप्पट, त्याच्या हाताखालच्या माणसांची विक्री पुढे सुमारे साडेसात टक्क्यांनी घसरलेली दिसली. ज्यांना सहकाऱ्यांबरोबर मिळून सौदे करण्याची आणि श्रेय वाटून घेण्याची सवय होती, ते मॅनेजर म्हणून उजवे ठरले.

यात गूढ काही नाही. गिऱ्हाईक पटवणं हे एक काम आणि दुसऱ्याला ते पटवायला शिकवणं हे वेगळंच काम. हुशार माणसाला आपल्याला ते कसं जमतं हे पुष्कळदा स्वतःलाही सांगता येत नाही. नवीन पोरगा फोनवर अडखळताना दिसला की या हुशार साहेबाचा जीव वरखाली होतो. ‘दे इकडे, मी बोलतो,’ म्हणून तो फोन हातातून घेतो. सौदा होतो, महिन्याचं टार्गेट गाठलं जातं आणि पोरगा होता तिथेच राहतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षभराने हाच साहेब तक्रार करतो, की माझ्या टीममध्ये दमच नाही.

तरी कंपन्या हे करत राहतात आणि त्यांचंही अगदी चुकतं असं नाही. उत्तम विकणाऱ्याला डावललं तर बाकीच्यांनी जीव तोडून का विकावं? खरी गोची अशी, की मान आणि पगार वाढवायचा एकच रस्ता आपण ठेवलेला असतो, हाताखाली माणसं देण्याचा. आयबीएमने १९६० च्या दशकातच ‘आयबीएम फेलो’ असं पद काढलं. तांत्रिक कामात तरबेज असलेला माणूस कुणाचाही साहेब न होता वरच्या पायरीपर्यंत जाऊ शकेल, अशी ती सोय होती. आपल्याकडच्या कंपन्यांतही अशी दुसरी शिडी कागदावर सापडते. पण लग्नाच्या बाजारात ‘मुलगा मॅनेजर आहे’ हेच चालतं आणि खरं सांगायचं तर ऑफिसातही तेच चालतं.

“आमचा धंदा वेगळा, इथे ते मॅनेजमेंट-बिनेजमेंट चालत नाही”

हे वाक्य कुठल्याही एमआयडीसीत ऐकायला मिळेल. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि सीमेपलीकडचं उंबरगाव इथल्या कापड कारखानदारांचाही साधारण हाच सूर होता. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तिथल्या १७ कंपन्यांत एक प्रयोग केला. औषधांच्या चाचणीत करतात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या कारखान्यांची सल्लागारांनी महिनाभर तपासणी केली आणि पुढचे चार महिने शेजारी उभं राहून बदल करून घेतले. दुसऱ्या गटाची नुसती तपासणी झाली.

तपासणीत दिसलं ते असं. सूत गोदामात जागा मिळेल तिथे टाकलेलं, त्यावर ना चिठ्ठी ना खूण. कुठल्या नंबरचं सूत किती शिल्लक, याचा पत्ता नसल्याने साठा फुगलेला. हत्यारं इकडेतिकडे. माग बंद पडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. कापडातल्या दोषांची नोंद होत होती, पण ती मुख्यतः गिऱ्हाइकाने तक्रार केली तर दाखवायला. कुठल्या मागावर कुठला दोष पुन्हा पुन्हा येतो, हे त्या वहीतून कुणी काढत नव्हतं.

बदल केले ते ऐकून मोठ्या अपेक्षेने बसलेल्याची निराशाच होईल. दोषांची मागवार, प्रकारवार नोंद. सुताला लेबल आणि रॅक. देखभालीचं वेळापत्रक. चांगल्या कामाला बक्षीस. आणि रोज ठरलेल्या वेळी एक बैठक, ज्यात कालचे दोष, काल बंद राहिलेले माग आणि त्यावर आज काय करायचं एवढंच बोलायचं. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांच्या आत यातल्या कंपन्यांनी आणखी कारखाने काढले.

माणसं घडवण्याशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. त्या रोजच्या बैठकीत फिटरला ‘तीन नंबरचा माग कालही का थांबला?’ असं आकडा समोर ठेवून विचारलं जात होतं. त्याने सांगितलेल्या कारणावर दुसऱ्या दिवशी काही होत होतं. सुपरवायझर तयार होतो तो अशाच प्रश्नांतून. मग हे आधी का केलं नाही? कित्येक मालकांना त्याची गरजच वाटली नव्हती. आपला माल शेजाऱ्याच्या मालाइतकाच चांगला आहे, या समाधानात ते होते.

या अभ्यासातली एक गोष्ट मला त्या १७ टक्क्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. कंपनी किती मोठी, याचा सर्वांत चांगला अंदाज घरात कर्ते पुरुष किती यावरून बांधता येत होता. बाहेरच्या माणसाच्या हाती कारखाना द्यायला मालक धजत नव्हते, त्यामुळे भाऊ आणि मुलगे संपले की विस्तारही थांबायचा. हुशारी, भांडवल, बाजार सगळं असून धंदा अडायचा तो विश्वासापाशी. तारापूरच्या बाहेरही अशी घराणी वाचकांना आठवतील.

“शिकवलं की पोरं पळतात”

पळतात, काही जण. पण सरसकट तसं दिसत नाही. शाही एक्स्पोर्ट्स या तयार कपड्यांच्या कंपनीच्या बंगळुरूतल्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या महिलांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा गोष्टींचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम मोजला. प्रशिक्षण घेतलेल्यांची उत्पादकता दहा टक्क्यांहून जास्त वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही. त्यांचा पगार जेमतेम हलला, ही बाजूही झाकून ठेवू नये. शिकवण्याची मलई कंपनीने खाल्ली.

याच तक्रारीचं जुळं भावंड म्हणजे ‘आजची पिढीच टिकत नाही’. कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पिढ्यांच्या तुलनेचे वीस अभ्यास एकत्र केले, तेव्हा समाधान, निष्ठा आणि सोडून जाण्याची इच्छा यांत पिढीपिढीतला फरक नगण्य निघाला. पंचविशीतली माणसं नोकऱ्या बदलतात, कारण ती पंचविशीत असतात. त्यांचे साहेबही त्या वयात बदलत होते, फक्त आता ते आठवत नाही.

“तोंडावर स्पष्ट सांगितलं की माणूस सुधारतो”

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र हिशेब मांडला. सरासरीने फायदा होतो, हे खरं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम बिघडलं. बोलण्याचा रोख कामावरून माणसावर गेला की परिणाम उतरतो, असं त्यांनी मांडलं. ‘या अहवालात मागच्या तिमाहीचे आकडे नाहीत’ यावर माणूस काहीतरी करू शकतो. ‘तू बेफिकीर आहेस’ यावर तो फक्त रात्री तळमळू शकतो. आपल्याकडे ‘मी बाबा स्पष्टवक्ता आहे’ म्हणणाऱ्या साहेबांचं बरंचसं बोलणं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

बेल कर्व्हचं तर विचारूच नका. दहा जण चांगलं काम करत असले तरी त्यातला एक ‘खालचा’ दाखवायचाच, ही पद्धत जॅक वेल्च यांच्या जनरल इलेक्ट्रिकमुळे जगभर गाजली. सहकाऱ्याला मदत केली तर आपलंच रेटिंग घसरतं, हे कळायला माणसांना फार वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे काही ठिकाणी तिचं नाव बदललंय, कोष्टक तेच आहे.

“कुणाची तक्रार नाही, म्हणजे सगळं छान चाललंय”

एमी एडमंडसन १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले: ज्या वॉर्डांत परिचारिकांचं नेतृत्व चांगलं आणि आपसांत जमतं, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चूक झाली की लोक सांगत होते, बाकी ठिकाणी दडपत होते. ज्या साहेबाच्या बैठकीत सगळे मान डोलावतात, त्याने खूश होण्याआधी थोडं घाबरावं. ‘हो सर’ म्हणण्यात आपण मराठी माणसं मागे नाही. खरं काय ते मग जिन्यात बोललं जातं.

“नेता जन्मावा लागतो” आणि “दोन दिवसांच्या वर्कशॉपात घडतो”

हे दोन्ही समज एकाच कंपनीत सुखाने नांदतात. पहिल्याला उत्तर द्यायला किर्लोस्करवाडी पुरेशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला तो पदवीधर गोळा करून नव्हे. इंजिन चालवणारे शंभोराव जांभेकर आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर ही त्यांची माणसं. अलीकडचं उदाहरण गूगलचं. गूगलने २००२ मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून टाकून पाहिले आणि काही महिन्यांत परत आणले, कारण खर्चाच्या पावत्यांपासून आपसांतल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्या टेबलावर यायला लागलं. पुढे चांगल्या मॅनेजरच्या सवयी कंपनीने शोधल्या. आठ सवयींच्या त्या यादीत ‘चांगला शिकवतो’ पहिली होती आणि तांत्रिक ज्ञान शेवटी. आणि सवयी जन्मासोबत येत नाहीत, लावून घेता येतात.

दुसऱ्या समजाचं उत्तर पुन्हा तारापूर-उंबरगावला आहे. २०१७ मध्ये अभ्यासक त्याच कारखान्यांत परत गेले. तिथे बसवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. तरी ज्यांना फक्त तपासणी मिळाली होती त्यांच्यापेक्षा हे कारखाने अजून बरेच पुढे होते आणि त्याच मालकांच्या इतर कारखान्यांत त्या पद्धती पोचल्याही होत्या. बंद का पडल्या, यावर वारंवार आलेली कारणं दोन: मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ मिळेना.

म्हणून मालकांना आणि एचआरवाल्यांना एक विनंती. कुणाच्या हाताखाली माणसं द्याल, तेव्हा त्याच्याकडचं जुनं काम निम्मं तरी काढून घ्या आणि त्याच्या आठवड्यात त्या माणसांसाठीचे तास लिहून द्या. तेवढं परवडत नसेल तर त्याला बढती देऊ नका, नुसती पगारवाढ द्या.