लष्करी ड्रोन आणि ख्रिस्ती सदसद्विवेक

७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी सुरत शहरातील दिवे काही काळ मालवण्यात आले. उदरनिर्वाहासाठी खानदेशातून येऊन डिंडोलीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील तरुण पिढीला हा अनुभव नवा होता. त्याच आठवड्यात सीमेच्या दोन्ही बाजूंनी ड्रोनांचा वापर झाला. तेव्हापासून धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो : ड्रोन नेमका शत्रूलाच टिपतो, आपला सैनिकही त्यामुळे सुरक्षित राहतो, मग त्यात अनीती ती कोणती? प्रश्न प्रामाणिक आहे. पाचव्या आज्ञेचा उच्चार करून विचारणाऱ्याची बोळवण करणे उचित नव्हे. म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्या उपयोगासाठी या प्रश्नाचा थोडक्यात ऊहापोह येथे करीत आहोत.

१. शस्त्राचे स्वरूप

हे शस्त्र आता महाराष्ट्रातही तयार होते. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाने बनविलेल्या ‘नागास्त्र-१’ या ड्रोनांपैकी १२० नग जून २०२४ मध्ये भारतीय सैन्याला मिळाले. सुमारे ९ किलो वजनाचे हे यान अर्धा तास आकाशात घिरट्या घालते व सुमारे एक किलोचा स्फोटक भार घेऊन लक्ष्यावर आदळते. त्याचा एक विशेष मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लक्ष्य चुकीचे आहे असे आढळल्यास चालक हल्ला रद्द करू शकतो आणि यान हवाई छत्रीने परत उतरवता येते. तोफेचा गोळा एकदा सुटला की तो परत येत नाही. येथे अखेरच्या क्षणापर्यंत पाहण्याची व थांबण्याची मुभा आहे. आमच्या मते नीतिविचाराचे मर्म याच ठिकाणी आहे.

२. ख्रिस्तसभेची शिकवण

अन्याय्य आक्रमणापासून प्रजेचे रक्षण करण्याचा राज्यसत्तेचा अधिकार ख्रिस्तसभा मान्य करते. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धासाठी वैध सत्ता, न्याय्य कारण व शुद्ध हेतू अशा तीन अटी सांगितल्या. आत्मसंरक्षणाची चर्चा करताना त्यांनी एकाच कृतीच्या दुहेरी परिणामाचाही विचार मांडला. पुढील नीतिशास्त्रज्ञांनी त्याचे चार कसोट्यांत विवरण केले. कृती मुळात वाईट नसावी; वाईट परिणाम हेतू नसावा; तो चांगल्या परिणामाचे साधन नसावा; आणि तो पत्करण्यास तोलामोलाचे कारण असावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण नगरांचा सरसकट विध्वंस हा देव व मानव यांच्याविरुद्धचा अपराध ठरविला.

ड्रोन सरसकट विध्वंस करीत नाही, हे खरे. आणि बाँबवर्षावापेक्षा तो कमी हानी करू शकतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु शस्त्राची अचूकता म्हणजे निर्णयाची अचूकता नव्हे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी सैन्याने एका मोटारीवर कित्येक तास नजर ठेवून तिच्यावर क्षेपणास्त्र सोडले. ते अचूक लागले. मात्र मरण पावलेल्या दहाही व्यक्ती निरपराध नागरिक होत्या व त्यांत सात बालके होती. हा हल्ला चूक होती, असे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुढच्याच महिन्यात मान्य केले. ३ डिसेंबर २०२३ रोजी नायजेरियातील तुदुन बिरी या गावी धार्मिक उत्सवासाठी जमलेल्या लोकांवर त्यांच्याच देशाच्या सैन्याचा ड्रोन हल्ला झाला व किमान ८५ माणसे दगावली.

३. अंतराने दोष कमी होतो काय?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा व बारावा अध्याय येथे वाचावा. दावीद राजाने उरीयावर हात उचलला नाही. राजवाड्यात बसून एक पत्र मात्र लिहिले. तलवार अम्मोनी लोकांची होती. तथापि नाथान संदेष्ट्याने हत्येचा दोष थेट दावीदाच्याच माथी ठेवला. अंतर हाताला असते, सदसद्विवेकाला नसते. उलट, ज्याला लक्ष्य दिसते व ज्याला थांबता येते, त्याची जबाबदारी अधिकच वाढते. १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराचे ५७ वे कलमही लक्ष्य लष्करी नाही असे दिसताच हल्ला रद्द करण्यास सांगते. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. परंतु नीतीचे बंधन सहीवर अवलंबून नसते. हा निर्णय यंत्रावर सोपविणे तर त्याहून गंभीर आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी जी-७ राष्ट्रांच्या परिषदेत, माणसाचा प्राण घ्यावा की नाही हे कोणत्याही यंत्राने ठरवू नये, अशी भूमिका मांडली.

४. ज्यांच्या माथ्यावर ते घिरट्या घालते

हानीचे मोजमाप मृतांच्या संख्येने पुरे होत नाही. पाकिस्तानच्या वझिरिस्तानात २००४ पासून अमेरिकी हल्ले होत असताना लोक पंचायतीला व अंत्यविधीलाही एकत्र जमण्यास भीत. पुन्हा हल्ला होईल या धास्तीने जखमींच्या मदतीला धावणेही कठीण झाले. शेजारधर्मच जेथे जिवावर बेततो, तेथे समाजाचा कणा मोडतो. आपल्या देशातही ९ मे २०२५ च्या रात्री पंजाबातील फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन पडून एकाच कुटुंबातील तिघे होरपळले. त्यांतील स्त्री काही दिवसांनी मरण पावली. तिच्यासाठी आपण जो शोक करतो, तोच सीमेपलीकडील निरपराधांसाठी करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय.

५. शिकविताना

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी रदबदली करतो व पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत खाली येतो. थोडे निरपराध असले तरी त्यांच्यासाठी हात आवरावा, असे त्याचे मागणे आहे. आज हिशेब उलट दिशेने मांडला जातो : एका अपराध्यासाठी किती निरपराध चालतील? हा फरक वर्गात स्पष्ट करून सांगावा. सैनिकाच्या धैर्याची अवहेलना कोणी करू नये. तोही विवेकाचे ओझे वाहतो व त्याला आपल्या प्रार्थनेची गरज आहे. मात्र दूरध्वनीच्या पडद्यावर स्फोटांची चित्रे पाहून टाळ्या पिटण्याची सवय मुलांना लागत असेल, तर तेथे धर्मशिक्षकाने मृदुपणे, पण निःसंदिग्धपणे बोलले पाहिजे. रविवारच्या मिस्साबलीतील लोकप्रार्थनेत दोन्ही बाजूंच्या मृत नागरिकांचे स्मरण व्हावे, ही आमची सर्व धर्मग्रामांना विनंती आहे.