फौज मोठी, पण लढतंय कोण?

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटली की आमच्यात सिनेमावरून वाद रंगतो. पोरं 'ॲव्हेंजर्स'ची, मी 'पावनखिंड'चा. दोन्ही जमले ते एकाच कारणाने, असं मला मनापासून वाटतं. त्यांतली माणसं आपल्या आधीच ओळखीची असतात.

2012च्या 'ॲव्हेंजर्स'आधी मार्व्हलने 2008पासून पाच चित्रपट काढले होते. टोनी स्टार्कची घमेंड, कॅप्टन अमेरिकेची शिस्त प्रेक्षकाला ठाऊक होती, म्हणून त्यांचं भांडण रंगलं. 2017च्या 'जस्टिस लीग'ची गोष्ट उलटी. फ्लॅश, ॲक्वामॅन, सायबॉर्ग यांचे स्वतंत्र चित्रपटच आले नव्हते. दोन तासांत तिघांची ओळख करून द्यायची आणि जगही वाचवायचं! त्यात दिग्दर्शक अर्ध्यावर बदलला. झॅक स्नायडरची चार तासांची आवृत्ती 2021मध्ये आली, तिच्यात सायबॉर्ग आणि त्याच्या बापाचं नातं उलगडलं, तेव्हा कुठे तो पोरगा मला आपला वाटला.

दिग्पाल लांजेकरांनीही 'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त' या चित्रपटांनंतर 2022मध्ये 'पावनखिंड' आणला. तिथे बाजीप्रभू एकटे नाहीत. शिवा काशीद शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मरायलाच निघतो, बांदल मावळे खिंड अडवतात. प्रत्येकाला आपलं काम आहे आणि त्याची किंमतही आहे. मार्व्हलच्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये नाहीसे झालेले वीर पुढच्याच वर्षी परतले. 1660च्या खिंडीतून बाजी परतत नाहीत. माझ्या लेखी म्हणूनच 'पावनखिंड' उजवा. पटत नसेल तर दोन्ही लागोपाठ पाहा आणि मग वाद घाला.