शून्य आणि एक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : शून्याचा शोध आर्यभटाने लावला.
वस्तुस्थिती : शून्याला एकच जनक नाही. रिकामे स्थान दाखवण्याची खूण बॅबिलोनी लिपिक इसवी सनापूर्वीच वापरत होते. माया लोकांचीही स्वतंत्र खूण होती. आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ (इ.स. ४९९) या ग्रंथात दशमान स्थानांचा उल्लेख आहे, पण त्यात संख्या अक्षरांनी मांडल्या आहेत, शून्याचे चिन्ह नाही. शून्याला संख्येचा दर्जा देऊन त्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सांगितले. कंबोडियातील शके ६०५ (इ.स. ६८३) च्या शिलालेखात शून्य ठिपक्याने दाखवले आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ च्या लेखात बागेची २७० हात लांबी आणि रोजच्या ५० माळा नोंदवल्या आहेत. तिथले शून्य आजच्यासारखेच वाटोळे आहे.

गैरसमज : शून्य सम नाही आणि विषमही नाही.
वस्तुस्थिती : ज्या संख्येला २ ने भागल्यावर बाकी उरत नाही, ती सम. शून्याला २ ने भागले की भागाकार शून्य आणि बाकीही शून्य; म्हणून शून्य समच. संख्यारेषेवर त्याचे दोन्ही शेजारी, –१ आणि १, विषम आहेत. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम वाहतूक योजना लागू झाली, तेव्हा क्रमांकाच्या शेवटी ० असलेल्या गाड्यांना सम तारखा मिळाल्या. ‘नाही’ हे उत्तर धन-ऋणाच्या बाबतीत लागू पडते: शून्य धनही नाही आणि ऋणही नाही.

गैरसमज : कोणत्याही संख्येला शून्याने भागले की उत्तर अनंत येते.
वस्तुस्थिती : हा प्रश्न मोठमोठ्यांना नडला. ब्रह्मगुप्ताने ० ÷ ० चे उत्तर ० दिले. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली. आजच्या गणितात हा भागाकार अव्याख्यात आहे. ६ ÷ ० चे उत्तर काढायचे, तर शून्याने गुणल्यावर ६ येईल अशी संख्या हवी, आणि तशी एकही नाही. ० ÷ ० साठी मात्र कोणतीही संख्या चालते. शिवाय १ ला ०.१, ०.०१, ०.००१ ने भागत गेल्यास उत्तर १०, १००, १००० असे वाढते. भाजक ऋण घेतल्यास तेच –१०, –१००, –१००० असे उलट्या दिशेने पळते.

गैरसमज : १ ही सर्वांत लहान मूळ संख्या आहे.
वस्तुस्थिती : सर्वांत लहान मूळ संख्या २. मूळ संख्येला बरोबर दोन धन विभाजक लागतात. १ ला एकच आहे. पूर्वी १ ला मूळ मानणारेही होते. १७४२ मध्ये गोल्डबाखने तसेच धरले होते. पण मग १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ असे एकाच प्रकारे पडत नाहीत. मागे हवे तितके १ जोडता येतात.

गैरसमज : एकविसावे शतक १ जानेवारी २००० रोजी सुरू झाले.
वस्तुस्थिती : इसवी सनाची गणना डायोनिसियस एक्झिगसने ५२५ मध्ये बसवली. तीत शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. पहिले शतक इ.स. १०० च्या अखेरीस संपले, तसे विसावे ३१ डिसेंबर २००० ला. जगाने जल्लोष वर्षभर आधीच उरकला.

गैरसमज : डावीकडच्या शून्याला काहीच किंमत नसते.
वस्तुस्थिती : ०९९९ आणि ९९९ यांची किंमत एकच, पण अंकांची मांडणी बदलायची झाली की हे शून्य सोडून चालत नाही. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या प्रक्रियेत चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढता क्रम वजा करतात आणि येणाऱ्या उत्तरावर तेच पुन्हा करतात. १००० पासून :

१००० – ०००१ = ०९९९
९९९० – ०९९९ = ८९९१
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

यापुढे ६१७४ च येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. पहिल्या ओळीतले शून्य गाळले, तर ९९९ – ९९९ = ० होऊन खेळ तिथेच थांबतो. ६१७४ मध्ये गूढ शक्ती मात्र नाही. हा गुण दशमान पद्धतीतल्या चार अंकी मांडणीचा आहे.