जामखेडचा धडा: पहिल्या दुधापासून

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी परिसरात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षभरात दगावत. प्रसूतीनंतरचे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध अनेक घरांत टाकून दिले जाई आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई. नेमके हेच दूध प्रतिपिंडांनी समृद्ध असते. ते बाळाच्या आतड्याचे जंतूंपासून रक्षण करते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हणून भर उन्हाळ्यातही पहिले सहा महिने बाळाला वेगळे पाणी लागत नाही. दूषित पाण्यामुळे उलट जुलाबाचा धोका वाढतो.

आईचे पोषण हा तितकाच महत्त्वाचा, पण अधिक दुर्लक्षित भाग. आहार अपुरा असला तरी दूध सहसा आटत नाही. त्याची किंमत आईचे शरीर मोजते. अ आणि ब-१२ या जीवनसत्त्वांचे दुधातील प्रमाण मात्र तिच्या आहारानुसार घटते.

जामखेडने ही माहिती पोहोचवण्यासाठी गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना प्रशिक्षण दिले. सासूचे मन वळवणे डॉक्टरपेक्षा त्यांना अधिक साधले. सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार, मुलांची वजने, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामे सोबत चालली. त्यामुळे यशाचे श्रेय एकट्या स्तनपानाला देता येत नाही. १९९० च्या दशकात प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्युदर तिशीच्या खाली आला होता.