डब्यावरचा आकडा आणि कानातली फट

कोलकात्याने आवाजाविरुद्ध मोठी न्यायालयीन लढाई लढली आहे. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही, हे तत्त्व न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी १९९६ साली ध्वनिवर्धकांच्या प्रकरणात मांडले. फटाक्यांसाठीही पश्चिम बंगालने ९० डेसिबलची कडक मर्यादा दोन दशकांहून अधिक काळ जपली. २०२३ मध्ये ती १२५ झाली. नेमबाजीच्या रेंजवर मात्र माणूस आवाज स्वतःहून पत्करतो, त्यामुळे कान जपण्याची जबाबदारीही बरीचशी त्याच्यावरच येते. ती पार पाडताना बहुतेक जण डब्यावरचा मोठा आकडा पाहून कानाचे संरक्षक साधन विकत घेतात. खरे संरक्षण त्या आकड्यात नसते. साधन कानाला किती घट्ट बसते आणि तसे किती दिवस बसत राहते, यावर ते ठरते. कोलकात्याच्या दमट हवेत तर देखभाल हा निवडीचाच भाग मानला पाहिजे.

लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली कोलकात्याचा जयदीप कर्माकर ५० मीटर प्रोनमध्ये चौथा आला आणि २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. दोन्ही प्रकार पॉइंट टू टू रायफलचे. ‘तिचा आवाज तो काय!’ असे अनेकांना वाटते, कारण तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत संपतो आणि इतका अल्पजीवी आवाज मेंदूला असतो त्याहून लहान भासतो. प्रत्यक्षात नेमबाजाच्या कानाशी त्याची कमाल पातळी १४० डेसिबलच्या आसपास जाते. कारखान्यांतल्या आघाती आवाजाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. मोठ्या काडतुसांचा आवाज १६० च्याही पुढे जातो. बंदिस्त रेंजमध्ये भिंती आणि छत तो परत फेकतात, शेजारच्या लेनचा दणका वेगळाच. ‘कानाला सवय होते’ हा समज तर घातक आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज कमी खुपू लागणे ही सवय नसून नुकसानीची खूण असू शकते.

आता डब्यावरच्या आकड्याकडे पाहू. साधन किती डेसिबल आवाज अडवते, ते तो सांगतो. प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी नीट बसवून मोजलेले संरक्षण रोजच्या वापरात मिळत नाही. म्हणून अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने १९९८ मध्ये इअरमफच्या आकड्यातून २५ टक्के, तर फोमच्या इअरप्लगच्या आकड्यातून ५० टक्के वजा करायला सुचवले. या हिशेबाने ३० लिहिलेला प्लग १५ देतो आणि २४ लिहिलेला मफ १८. प्लग वाईट नाही, तो घालायला शिकावे लागते, एवढाच याचा अर्थ. फोम बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो. बंदिस्त रेंजवर प्लग आणि त्यावर मफ ही जोडी उत्तम. दोघांचे आकडे मात्र बेरजेने वाढत नाहीत. दुसऱ्या साधनाने साधारण पाच डेसिबलचीच भर पडते. कापसाचे बोळे मुळीच पुरेसे नाहीत.

‘घामाने मफ नकोसा होतो’ ही कोलकात्यातली तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय देखभालीचा आहे. घाम आणि उष्णतेने मफच्या कडेची गादी कडक होते, तिला चिरा पडतात, आणि चष्म्याची जाड काडी मध्ये आली की फट आणखी वाढते. म्हणून सरावानंतर गादी ओल्या फडक्याने पुसून वाळवावी, कडक होताच बदलावी, चष्म्याची काडी बारीक निवडावी. फोमचे प्लग मळले की टाकून द्यावेत. सिलिकॉनचे प्लग सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण दमट हवेत कानात बुरशी लवकर धरते.

‘मग रेंज अधिकाऱ्याच्या सूचना कशा ऐकू येणार?’ हा आक्षेप सुरक्षिततेचा असल्याने गंभीर आहे. शिकाऊंना आणि प्रशिक्षकांना इलेक्ट्रॉनिक मफ उपयोगी पडतो: बोलणे ऐकू येते, स्फोट अडतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र नेमबाजाला तो वापरता येत नाही, त्यामुळे सरावापासूनच हाताच्या किंवा दिव्याच्या खुणा ठरवून घ्याव्यात. क्लब काडतुसांचा साठा मोजून ठेवतात. त्याच कपाटात मफच्या सुट्या गाद्याही मोजून ठेवल्या, तर पुष्कळ मुलांचे कान वाचतील.