क्रूझच्या तिकिटाचा उरलेला भाग

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांच्या आणि डचांच्या जुन्या दफनभूमी आहेत. इंग्रजांच्या बाजूला सुरतेच्या वखारीतल्या ऑक्सेंडन बंधूंची थडगी आहेत. डचांच्या बाजूला 1691 मध्ये सुरतेकडे येताना बोटीवरच मरण पावलेल्या हेंड्रिक व्हॅन रीड या अधिकाऱ्याचे मोठे स्मारक आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ त्याचाच. त्या काळात बोटीबरोबर आलेल्या जॉन ऑव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सुरतेच्या डच थडग्यांपैकी एकाचे गमतीदार वर्णन केले आहे. त्या थडग्यावर मद्याची भांडी घडवलेली होती आणि मृताचे दोस्त तिथे जमून त्याच्या आठवणीत पीत बसत. खलाशाचा आणि दारूचा संबंध तेव्हा इतका उघड होता की तो दगडात कोरायलाही कुणाला संकोच वाटला नाही. बोटीवरची दारू तेव्हा खलाशाच्या शिध्यातच धरलेली असे. ब्रिटिश आरमारात रोजची रम देण्याची पद्धत तर थेट 31 जुलै 1970 पर्यंत टिकली. आज त्याच कतारगाममध्ये परमिटशिवाय बाटली बाळगणे गुन्हा आहे आणि बोटीवरच्या दारूचा हिशेबही पार उलटला आहे. पूर्वी बोटीचा मालक दारू पुरवून माणसाला बोटीवर टिकवून धरी. आता माणूस एकदा बोटीवर आला की त्याच्याकडून पैसे काढण्याचे मुख्य साधन म्हणजे पेये. क्रूझचे तिकीट म्हणून आपण जे पाहतो तो किमतीचा एक हप्ता असतो. उरलेली रक्कम बारच्या काउंटरवर वसूल होते, आणि पेयांबाबतचे बहुतेक नियम ही वसुली सुरक्षित राहावी म्हणून केलेले असतात.

हे कंपन्यांच्या ताळेबंदातच दिसते. कार्निव्हल ही जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. 2023 मध्ये तिचे उत्पन्न सुमारे 21.6 अब्ज डॉलर होते. त्यातले तिकिटांचे साधारण 14 अब्ज, तर बोटीवरच्या आणि इतर विक्रीचे साडेसात अब्ज. रॉयल कॅरिबियनच्या सुमारे 13.9 अब्जांत हा दुसरा वाटा 4.3 अब्जांचा होता. म्हणजे एकूण उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा. त्यात कॅसिनो, स्पा, बंदरावरच्या सहली हे सगळे आले, पण बार हा त्यातला मोठा घटक. केबिन रिकामी राहिली तर तिकीटही बुडते आणि ही विक्रीही बुडते. म्हणून तिकीट स्वस्त करून बोट भरायची आणि नफा पुढच्या चार दिवसांत काढायचा, हे या धंद्याचे साधे गणित आहे. त्यात लबाडी आहे असे नाही. फक्त जाहिरातीत त्या गणिताचा अर्धाच भाग छापलेला असतो.

नियम वाचले की हे गणित आणखी उघडे पडते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन प्रौढ प्रवाशाला चढण्याच्या दिवशी वाइनची एकच 750 मिलिलिटरची बाटली नेऊ देतात. बाकीची दारू जप्त होते, नाहीतर उतरेपर्यंत अडकवून ठेवली जाते. 2015 मध्ये कार्निव्हलने पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या घरून आणण्यावरही बंदी घातली आणि मोजक्या डब्यांपुरतीच सवलत ठेवली. कारण सांगितले ते बाटल्यांतून चोरून येणाऱ्या दारूचे. ते खोटे नव्हते, पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून नेणे ही जुनी युक्ती आहे. पण त्या बंदीने बोटीवरच्या पाण्याच्या विक्रीचे काही नुकसान झाले नसणार, हेही तितकेच खरे. मग येते ‘अनलिमिटेड’ पॅकेज. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये 24 तासांत 15 मद्यपेयांची मर्यादा आहे, म्हणजे अमर्याद या शब्दालाही मर्यादा आहेच. त्यापेक्षा महत्त्वाची अट वेगळी आहे. एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनीही ते घ्यावे. दोघांनी मिळून एकाचे पॅकेज वापरू नये, हे तिचे कारण.

या अटीचा फटका कुणाला बसतो ते आकड्यांत पाहू. आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. समजा पॅकेज माणशी रोज 4,800 रुपयांचे आहे आणि सुटे पेय 800 रुपयांना मिळते. एकटा माणूस रोज सहा पेये प्याला की पैसे वसूल. आता तो माणूस नवरा आहे आणि बायको दारू पीत नाही असे धरा. दोन पॅकेजेस झाली 9,600 रुपयांची. बायकोने दिवसभरात 400 रुपयांची तीन सरबते घेतली तरी ते 1,200 होतात. उरलेले 8,400 भरून काढायला नवऱ्याला रोज साडेदहा पेये रिचवावी लागतील, आणि ज्या दिवशी बोट बंदराला लागते त्या दिवशी अर्धा वेळ बोटीबाहेरच जातो. अशा जोडप्याने पॅकेज न घेता पेल्यागणिक पैसे द्यावेत हे उघड आहे. पण पॅकेज विकले जाते बुकिंगच्या वेळी, सवलतीच्या मोहात. पुढे बिलावर सेवाशुल्क चढते; परदेशी बोटींवर ते 18 टक्के किंवा अधिकही असते.

कतारगामच्या वाचकाला इथे वाटेल की हा प्रश्न पिणाऱ्यांचा आहे. गुजरात राज्य 1960 साली झाले तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे, मुंबई राज्याच्या 1949 च्या कायद्याचा वारसा म्हणून. कतारगामचे हिऱ्यांचे कारखाने दिवाळीत मोठ्या सुट्टीसाठी बंद होतात आणि कुटुंबे बाहेर पडतात. त्यांतली काही मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवरही जातात, जिथे जैन जेवणही मिळते. दारूच घ्यायची नाही तर दारूचे धोरण आपल्याला कशाला लागते? उलट न पिणाऱ्यालाच ते जास्त लागते. त्याचे तिकीट स्वस्त असते ते शेजारच्या टेबलावर कुणीतरी पीत असते म्हणून. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच कंपनीला त्याच्याकडूनही वसूल करायचे असते. मॉकटेल, ताजा रस, बाटलीबंद पाणी, चांगली कॉफी यांचे दर दारूच्या दरांजवळ सरकतात ते याच कारणाने. मुलांच्या शीतपेयांचे वेगळे पॅकेज असते. चार जणांच्या न पिणाऱ्या कुटुंबाचे पेयांचे बिल एकट्या पिणाऱ्याच्या बिलाएवढे सहज होऊ शकते.

यावर आक्षेप ठरलेला आहे. क्रूझ ही चैन आहे, कुणी बळजबरी करत नाही, आणि हॉटेल किंवा मल्टिप्लेक्स तरी वेगळे काय करतात? न्यायालयांनी या बाजूला बळ दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हॉटेलांना पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते असे म्हटले, कारण गिऱ्हाईक तिथे केवळ बाटली नव्हे तर जागा आणि सेवाही घेते. जानेवारी 2023 मध्ये चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकारही मान्य झाला. पण त्याच निकालात प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट मिळाले पाहिजे हेही सांगितले आहे. शिवाय मल्टिप्लेक्समधून माणूस तीन तासांत रस्त्यावर येतो आणि समोरच्या गाडीवर उसाचा रस पितो. बोटीच्या समोर गाडी नसते. तीन-चार दिवस एकाच दुकानदाराशी गाठ असताना ‘घेऊ नका मग’ हे उत्तर अपुरे पडते. मला दर जास्त असण्याबद्दल तक्रार करायची नाही. ते दर तिकीट घेताना कळत नाहीत, ही तक्रार आहे.

दुसरा गैरसमज ‘ड्यूटी फ्री’चा. बोटीवर कर नसतो, म्हणून दारू स्वस्त असणार, असे अनेकांना वाटते. सीमाशुल्क कायदा 1962 नुसार बोटीवरच्या आयात साठ्याला शुल्कमाफी मिळते ती बोट परदेशी फेरीवर असतानाच. मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप ही किनारी फेरी झाली, तिथे ती सवलत लागू होत नाही. शिवाय राज्यांचे नियम वेगळे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25, गोव्यात 18, लक्षद्वीपमध्ये बंगारम बेट सोडले तर बंदी. सुरतेजवळच्या हजिरा बंदरातून दीवला जाणारी क्रूझ 31 मार्च 2021 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री मनसुख मांडविया यांच्या हस्ते सुरू झाली तेव्हा एका वेळचे भाडे 900 रुपये अधिक कर असे जाहीर झाले होते. ती कोरड्या राज्यातून निघून ओल्या प्रदेशात पोहोचणारी फेरी होती. परतीच्या वाटेवर हा फरक गुजराती प्रवाशाला महाग पडू शकतो. बोटीच्या दुकानातून घेतलेली बाटली मुंबईत उतरल्यावर सोबत असली, तर रेल्वेने उंबरगावजवळ गुजरातची हद्द ओलांडताच ती गुन्ह्याचा पुरावा ठरते. पोटात असली तरी सुटका नाही. 31 डिसेंबरला दमणहून पिऊन परतणाऱ्यांना वलसाड पोलीस हद्दीवर अडवतात ते त्यामुळेच.

आगाऊ किंमत सांगणे कंपन्यांना जमत नाही, असेही म्हटले जाते: कोण किती पिणार हे आधी कसे कळणार? पण दरपत्रक तर आधीच ठरलेले असते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून छुप्या शुल्कांविरुद्धचा कायदा लागू झाला, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी बंदरशुल्क आणि इतर आकार जाहिरातीतल्या भाड्यातच धरायला सुरुवात केली, आणि तेही फक्त त्या एका राज्यापुरते नव्हे. पेये मात्र त्यातही बाहेर राहिली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला रेस्टॉरंटांना सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती मनाई उचलून धरली. बोटीसाठी त्याच धर्तीवर मागणी करायला फारसे लागत नाही. बुकिंगच्या पानावरच पाण्याच्या बाटलीचा, चहा-कॉफीचा, सरबताचा आणि एका पेगचा दर सेवाशुल्कासह छापावा, केबिनमधल्या सर्वांनी पॅकेज घेण्याची अट असेल तर ती भाड्याच्या आकड्याशेजारी त्याच टायपात द्यावी, आणि पिण्याचे पाणी कुठे फुकट मिळेल तेही लिहावे. कतारगामच्या एजंटाकडे दिवाळीची बुकिंगे सुरू होतात तेव्हा हे कागद गिऱ्हाइकाच्या हातात असायला काहीच हरकत नाही.